पडद्यामागे कोणी नाही

कंपनीच्या पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की ही मुलाखत गोपनीय आहे, तिच्याबद्दल कोणाशीही बोलू नये. पत्र बुधवारी दुपारी आलं. गुरुवारी सकाळपर्यंत डिंडोलीतल्या त्या तीन मजली इमारतीची बाराही घरं, खालचा इस्त्रीवाला आणि दूध घालणारा भरवाड, सगळ्यांना ठाऊक होतं की प्रमिलाबाईंची नात योगिता शुक्रवारी अकरा वाजता लष्कराच्या कामासाठी मुलाखत देणार आहे. पाच महिने झाले, गुडघ्यांमुळे प्रमिलाबाई जिना उतरल्या नव्हत्या. म्हणून त्यांनी ही गोपनीय बातमी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ओरडून सांगितली होती.

त्यांचाही इलाज नव्हता. मागच्या खेपेला योगिता अशीच लॅपटॉपसमोर बसली होती. खालच्या मजल्यावर जयश्रीचं साड्यांना लेस लावायचं मशीन सुरू झालं आणि पलीकडच्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे गोळीबार चालू आहे का?" पोरगी घाबरली, हो म्हणाली. मग नाही म्हणाली. मग मशीन आहे म्हणाली. लष्कराला माल पुरवणाऱ्या माणसाला गोळीबार आणि शिलाई मशीन ह्यांतला फरक कळू नये, ह्याचं प्रमिलाबाईंना फार नवल वाटलं. पण नोकरी गेली ती गेलीच. तेव्हा ह्या वेळी इमारत गप्प बसवायची, असं त्यांनी ठरवलं. आणि लोकांना गप्प बसा म्हटलं की लोक आधी विचारतात, कशासाठी?

"जयश्री! वो जयश्री! उद्या अकरा ते बारा मशीन बंद ठेवजो बाई."

"का वो मावशी? कोणी गेलं का?"

"गेलं नई. पोरीनी मुलाखत शे. तोफांची."

"तोफांची?"

"तोफांचं कॉम्प्युटर. कोणाले सांगू नको, गुपित शे."

योगिता आतून कपाळावर हात मारून घेत होती. ती आजीला मोठी माय म्हणे, त्या घरात सगळेच म्हणत. "मोठी माय, अगं तोफा नाहीत. सीमेवरच्या कुंपणाला सेन्सर असतात, त्यांचं सॉफ्टवेअर आहे."

"मग कुंपण सांगू का तिले?"

"काहीच सांगू नको!"

ही चौथी मुलाखत होती, आणि शेवटची. योगिता कॉम्प्युटर इंजिनिअर होऊन दोन वर्षं पुरी होत आली होती. दोन वर्षं झाली की नवीन पदवीधरांच्या रकान्यात नाव भरता येत नाही, आणि जुन्यांच्या रकान्यात भरायला अनुभव लागतो, जो नवीन म्हणून घेतल्याशिवाय मिळत नाही. ही मुदत महिनाअखेरीला संपत होती. साध्या कंपन्यांनी तर भरतीच थांबवली होती. लष्कराला माल देणाऱ्या कंपन्या घेताहेत असं कॉलेजातल्या एका मैत्रिणीने सांगितलं, म्हणून ही तिकडे वळली. पहिल्या मुलाखतीत तिला विचारलं, तुम्हाला संरक्षण क्षेत्रातच का यायचंय? ती खरं बोलली. "बाकी कोणी घेत नाही म्हणून." दुसऱ्या ठिकाणी फॉर्ममध्ये वडिलांचं नाव विचारलं, तर आधारवर गजेंद्र, शाळेच्या दाखल्यावर गजू आणि रेशनकार्डावर गजानन निघालं. एक बाप तीन नावांनी हिंडतो हे त्या लोकांना संशयास्पद वाटलं. वास्तविक गजेंद्र सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रोसेस हाउसमध्ये कपडा रंगवायच्या खात्यात पंचवीस वर्षं आहे, आणि तीन नावांनी हिंडायला त्याला सुट्टीच मिळत नाही.

ह्याच गजेंद्रने रिंगरोडच्या मार्केटमध्ये एका दुकानात शब्द टाकून ठेवला होता. साड्यांचे फोटो काढून ऑनलाइन चढवायचे. "हे जमलं नाही तर सोमवारपासून तिथं जायचं," तो म्हणाला होता. वाईट काम नव्हतं. पण ते ऐकल्यापासून योगिता जेवताना ताटाकडे न बघता जेवत होती.

शुक्रवारी साडेदहाला घर रिकामं करायला सुरुवात झाली. गजेंद्र कामावर होता, योगिताची आई धाकट्या नणंदेकडे नवागामला गेली. राहिल्या प्रमिलाबाई.

"मोठी माय, तू कुठं बसशील?"

"गॅलरीत बसू?"

"गॅलरीत ऊन आहे. आणि तू तिथून खाली बोलशील."

"मग खाली जाऊ? उतरायला लागले तर बारा वाजता पोचेन, तवर तुझी मुलाखत संपेल."

घर म्हणजे एक खोली आणि पडद्यामागे स्वयंपाकाची जागा. शेवटी प्रमिलाबाई पडद्यामागे गेल्या आणि पिठाच्या डब्यावर बसल्या. शिंकायचं नाही, खोकायचं नाही, भांड्याला हात लावायचा नाही, देवाचं नाव मोठ्याने घ्यायचं नाही. त्यांनी सगळ्याला मान डोलावली.

अकराला दोन मिनिटं कमी असताना इमारत अशी गप्प झाली, जशी ती बांधली तेव्हापासून कधी झाली नव्हती. मशीन बंद. टीव्ही बंद. भाजीवाल्याला कोणीतरी कोपऱ्यावरच अडवलं. आणि जिन्यात, पायरीपायरीवर, बारा घरांतल्या बाया पदर सावरून बसल्या होत्या. योगिताला ऐकू यावं असं काही त्या करत नव्हत्या. त्यांना नुसतं ऐकायचं होतं.

लॅपटॉपमधून आवाज आला. एक चष्मेवाली तरुण बाई होती, इंग्रजी बोलणारी, आणि एक निवृत्त कर्नल होते, हिंदी बोलणारे. पडद्याच्या फटीतून प्रमिलाबाईंना कर्नलांच्या मिशीचा उजवा अर्धा भाग दिसला. वर्दी उतरून वर्षं झाली असावीत, पण मान अजून सलामीतच होती.

"लॅपटॉप फिरवून खोली दाखवा," कर्नल म्हणाले.

योगिताने फिरवला. पलंग, कपाट, देवघर, पंखा.

"पडद्यामागे काय आहे?"

"स्वयंपाकघर, सर."

"तिथे कोणी आहे?"

योगिता थांबली. अगदी एवढंसं थांबली. भाजी चिरताना बोट मध्ये आलं की सुरी थांबते ना, तेवढंच.

"नाही, सर. पडद्यामागे कोणी नाही."

प्रमिलाबाईंना हे ऐकून कसंसंच झालं. पंचेचाळीस वर्षं तापीकाठच्या ह्या कापडाच्या गावात काढली, लग्न करून अमळनेरहून तापी लायनीच्या गाडीने आल्या तेव्हापासून. पण आपण कोणी नाही, असं कोणी तोंडावर म्हटलं नव्हतं. पिठाच्या डब्यावर त्या जरा आकसून बसल्या.

पहिला अर्धा तास बरा गेला. चष्मेवालीने प्रोग्रॅम लिहायला लावला. योगिताची बोटं चालत होती, आणि प्रमिलाबाईंना तो आवाज आवडला. त्यांनी स्वतः उधन्याच्या मागाच्या खात्यात सतरा वर्षं सुताच्या कांड्या भरल्या होत्या. हात बिनचूक चालला की आवाजावरूनच कळतं. "गुड," चष्मेवाली म्हणाली. पुन्हा "गुड." जिन्यात कोणीतरी हळूच "गुड म्हणतेय बाई" असं खालच्या पायरीला सांगितलं, आणि ते "गुड" तळमजल्यापर्यंत उतरत गेल्याचं प्रमिलाबाईंना ऐकू आलं.

मग कर्नल पुढे झाले.

"समजा, तुमच्या कुंपणाचा अलार्म वाजतो. जवान धावत जातो, तर बकरी. पुन्हा वाजतो, तर वारा. एका पाळीत तीस वेळा. तुम्ही काय कराल?"

योगिताने उत्तर दिलं. सेन्सरची मर्यादा वाढवू, खोटे इशारे गाळून टाकू, वगैरे. पुस्तकातलं होतं, पण नीट दिलं.

"ते होईपर्यंत सहा महिने जातात. तोवर जवान कंटाळून अलार्म बंद करून ठेवतो. मग?"

"त्याला बंद करता येणार नाही, सर. आम्ही ते लॉक करू. पासवर्ड फक्त अधिकाऱ्याकडे राहील."

कर्नलांची फटीतून दिसणारी अर्धी मिशी हलली नाही. "आणखी काही?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे... दोन पासवर्ड ठेवू, सर."

"आणखी?"

योगिता कीबोर्डकडे बघू लागली.

इकडे पडद्यामागे प्रमिलाबाईंच्या जिवाची नुसती तगमग चालली होती. कारण ह्या प्रश्नाचं उत्तर त्यांना येत होतं. ह्या पोरीलाही येत होतं! लहानपणी जेवत नसे तेव्हा हीच गोष्ट सांगून तिला घास भरवले होते. उधन्याच्या शेठने नवे माग आणले होते. त्यांत ताण्याच्या, म्हणजे उभ्या, प्रत्येक धाग्यावर एक पातळ लोखंडी पत्ती लोंबत असे. धागा तुटला की पत्ती खाली पडायची, खालच्या पट्टीला टेकायची आणि माग आपोआप थांबायचा. शेठ खूश. पण धागा न तुटता नुसता सैल पडला तरी पत्ती टेकायची आणि माग थांबायचा. दिवसातून पन्नास वेळा. मजुरी मीटरवर. तेव्हा प्रमिलाबाईंचे यजमान पंडित आणि खात्यातले बाकीचे कारागीर बिडीच्या बंडलाचा कागद पत्त्यांच्या खाली सरकवून ठेवू लागले. कागद घातला की पत्ती पडली तरी टेकत नाही, आणि माग चालू राहतो. शेठने वर पत्र्याचं झाकण करून कुलूप लावलं. ते कुलूप तिसऱ्या दिवशी उघडलं. केसांतल्या आकड्याने. आकडा प्रमिलाबाईंचा.

आणि ही कार्टी कुलूप लावायला निघाली होती!

त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला. देवाचं नाव मनातल्या मनात घेतलं. पण "आणखी?" असं कर्नल तिसऱ्यांदा म्हणाले, आणि योगिता म्हणाली, "सर, तीन पासवर्ड," तेव्हा बोळा गळून पडला.

"अय पोरी! कुलूप लावशी तर कुलूप तोडतीन ना त्या जवान!"

मग जिन्यातून जयश्रीचा आवाज आला, खणखणीत आणि हिंदीत, साहेबांना समजावं म्हणून. "मावशी, टीव्ही का आवाज कम करो!"

ते ऐकून दुसऱ्या एका बाईने भर घातली, "हां, हमारा टीव्ही है, साहब!"

तिसरी म्हणाली, "मेरा भी!"

कर्नलांची मिशी आता पूर्ण दिसत होती, कारण ते कॅमेऱ्याजवळ आले होते. "मिस योगिता. तो टीव्ही आहे का?"

हो म्हणाली असती तर निभलं असतं कदाचित. साक्षीदार पुष्कळ होते. प्रमिलाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"नाही, सर," योगिता म्हणाली. "माझी आजी आहे. मी मघाशी खोटं बोलले."

"का?"

"तिचे गुडघे गेलेत, सर. तीन मजले उतरता येत नाहीत. गॅलरीत ऊन होतं. घरात दुसरी खोली नाही. ती आहे म्हटलं असतं तर तुम्ही मुलाखत घेतली नसती."

"आणि जिन्यात कोण आहे?"

"इमारत, सर."

"किती जण?"

"सगळे, सर."

चष्मेवालीने तोंडावर हात धरला. कर्नल म्हणाले, "आजींना पुढे बोलवा."

प्रमिलाबाई पडदा सारून आल्या. लुगड्याच्या मागच्या बाजूला पिठाचा गोल छाप उठला होता, तो बरा की कॅमेऱ्यात दिसत नव्हता. त्यांनी आधी कीबोर्डला नमस्कार केला, योगिताने हनुवटी धरून वर केली तेव्हा साहेबांना. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी सगळं सांगितलं. पत्ती, बिडीचा कागद, पत्र्याचं झाकण. आकड्याचंही सांगितलं. आता लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

"मग एक दिवस धागा खरंच तुटला असेल," कर्नल म्हणाले.

"तुटला ना साहेब. कागद घातलेलाच होता. साठ मीटर कापडात अशी मोकळी रेघ आली. शेठ यजमानांना जे बोलला ते मी तुम्हाला सांगणार नाही, तुम्ही मोठे माणूस."

"चूक कोणाची होती?"

"आमचीच म्हणायची. कागद आम्हीच घातला." त्या जरा थांबल्या. "पण साहेब, पन्नास वेळा उगाच थांबणारा माग ज्याने बनवला, त्याला कोणी कधी काही बोललं नाही."

कर्नलांनी काहीतरी कागदावर लिहिलं. मग पेन खाली ठेवलं.

"नियम असा आहे की मुलाखतीच्या वेळी उमेदवार खोलीत एकटी हवी. ती एकटी नव्हती. म्हणून ही मुलाखत रद्द."

योगिताने मान खाली घातली. जिन्यात कोणीतरी "हाय हाय" म्हणालं.

"रद्द म्हणजे झालीच नाही," कर्नल पुढे म्हणाले. "जी झाली नाही तिच्यात मी कोणाला नापास करू शकत नाही. उद्या शनिवार, सकाळी नऊ. खोलीत एकट्या. तुम्ही खोटं बोललात हे मी लिहून ठेवलंय आणि ते पुसणार नाही. पुन्हा बोललात तर तिथेच संपलं. आजी, तुम्ही उद्या कुठे असाल?"

"जिथं साहेब सांगतील तिथं."

"ऐकू येणार नाही इतक्या लांब."

त्या दुपारी योगिता आजीशी बोलली नाही. संध्याकाळी बोलली, ते एवढंच, "तुझ्या तोंडाला चेन लावून आणायला पाहिजे मार्केटातून." प्रमिलाबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या, आणि ते पाहून योगितालाच कसंतरी वाटलं. रात्री तिने आपणहून गुडघ्यांना तेल लावून दिलं. "माझ्या गुडघ्यांपायी खोटं बोललीस," प्रमिलाबाई म्हणाल्या. "बोलले खरी," योगिता म्हणाली. दोघींचं भांडण तिथं मिटलं.

शनिवारी सकाळी साडेआठला इमारतीतले छगन आणि अमोल आणखी दोघांना घेऊन वर आले. चौघेही मागावर रातपाळी करून आत्ताच परतलेले, डोळे तांबारलेले, केसांत सुताचे तंतू. त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची आणली, तिच्यात प्रमिलाबाईंना बसवलं आणि चार कोपरे धरून उचललं.

"मावशी, हलू नका."

"मी कुठं हलते? तूच डुलतोयस. झोपलास का रे छगन?"

"उजवा पाय झोपलाय, मी जागा आहे."

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची अडकली. तिरकी केली तेव्हा प्रमिलाबाईंनी अमोलचे केस धरले आणि तळमजल्यापर्यंत सोडले नाहीत. खाली इस्त्रीवाल्याच्या टपरीशेजारी सावलीत त्यांना ठेवून चौघे आपापल्या घरी जाऊन झोपले. पाच महिन्यांनी प्रमिलाबाई रस्त्यावर आल्या होत्या. समोर नवं मोबाइलचं दुकान झालं होतं. लिंबाचं झाड तोडलेलं दिसत होतं, आणि ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, एवढी गुपितं ह्या इमारतीत ठेवली जात होती तर.

नऊ वाजले. ऐकू काही येत नव्हतं. काही ऐकू न येणं किती कठीण असतं हे प्रमिलाबाईंना त्या दिवशी कळलं. जयश्री शेजारी उकिडवी बसली होती. मशीन आजही बंद.

"मावशी, आता काय विचारत असतील?"

"माले काय ठाऊक? मी खाली शे ना."

साडेनवाला योगिता उतरून आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"प्रोग्रॅम वगैरे काही विचारलं नाही," ती म्हणाली. "कर्नलसाहेबांनी कालचाच प्रश्न विचारला. जवानाने अलार्म बंद केला तर काय कराल?"

"मग? सांगितलंस ना त्या कागदाचं?"

"ते तूच सांगून बसलीस, मी परत काय सांगू? मी म्हटलं, सर, मी कुलूप लावणार नाही. त्याला बंद करू देईन, पण बंद केला की किती वेळा खोटा वाजल्यावर बंद केला ते लिहिलं जाईल, आणि ते जवानाच्या साहेबाकडे जाणार नाही, माझ्याकडे येईल. कारण वाजवणारी मी आहे."

प्रमिलाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. उधन्याच्या त्या खात्यात असं कोणी बोलल्याचं त्यांना आठवेना, आणि त्यांना पुष्कळ आठवत असे.

"साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, कळवू."

"एवढंच?"

"एवढंच."

कळवू म्हणजे नाही, हे इमारतीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. लग्नातही माहीत होतं, नोकरीतही. जयश्री उठून मशीनवर गेली. योगिता वर गेली, आणि तिने साड्यांच्या दुकानवाल्याचा नंबर वडिलांकडून मागून घेतला. प्रमिलाबाईंना वर कोण नेणार? चौघे रातपाळीवाले झोपलेले. उठवायचं कोणाच्या जिवावर? त्या खालीच बसल्या. जेवण खाली आलं. औषधाची गोळी खाली आली. इस्त्रीवाल्याने छत्री लावून दिली.

चार वाजता वरून योगिता धावत आली. तीन मजले, एकदाही कठड्याला हात न लावता. तिने काही सांगायच्या आत फोन आजीच्या डोळ्यांसमोर धरला. प्रमिलाबाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण पोरीचा चेहरा वाचता येत होता.

"घेतलं?"

"घेतलं, मोठी माय. पहिल्या तारखेपासून. बंगळूरला."

प्रमिलाबाईंनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मग विचारलं, "बंगळूर कितीक लांब शे?"

"रेल्वेने दीड दिवस."

"अमळनेरहून इकडे यायला मला एक रात्र लागली होती, तर तीन वर्षं रडत होते." त्यांनी पदराने नाक पुसलं. "तू रडू नको. तिकडे म्हणे हवा थंड असते."

मशीन थांबलं. बारा घरांतून माणसं उतरली. कोणीतरी पेढे आणायला गेलं, कोणीतरी गजेंद्रला फोन लावला. तो कामावर होता, आणि त्याला तिन्हींपैकी कोणत्या ना कोणत्या नावाने ओळखणाऱ्या सगळ्यांना त्याने ओरडून सांगितलं असं मागून कळलं. प्रमिलाबाई छत्रीखाली खुर्चीत बसल्या होत्या. येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्या पाया पडे आणि मग योगिताकडे वळे, कारण त्या वाटेतच होत्या. पाचव्या माणसापासून त्यांनी सगळी गोष्ट सांगायला सुरुवात केली. त्यात कर्नल आता जनरल झाले होते आणि जिन्यातली माणसं दीडशे झाली होती.

साडेपाचला चौघे झोपून उठले, तोंड धुऊन आले आणि खुर्चीच्या चार कोपऱ्यांना लागले.

"चला मावशी, सातला पाळी आहे आमची."

"थांब रे जरा," प्रमिलाबाई म्हणाल्या. "दुसऱ्या मजल्यावरची आनंदीबाई बाजारातून यायची शे अजून. तिले काहीच ठाऊक नई."

आणि त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.